गहू, चरबी आणि पाप

1942 साली अमेरिकेच्या सरकारने आपल्या गृहिणींना एक विनंती केली. मांस तळून झाल्यावर उरलेली चरबी मोरीत ओतू नका. गाळून डब्यात साठवा आणि डबा भरला की खाटकाकडे नेऊन द्या. खाटीक पौंडामागे चार सेंट हातावर ठेवी, पुढे त्याबद्दल रेशनची सवलतही मिळू लागली. सरकारला चरबी हवी होती ती ग्लिसरीनसाठी, आणि ग्लिसरीन हवे होते स्फोटकांसाठी. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने या कामी एक छोटा कार्टूनपटही काढला. मिनी माउस प्लूटो कुत्र्याच्या वाडग्यात चरबी ओतायला जाते, तेवढ्यात निवेदक तिला थांबवतो आणि त्या चरबीचे तोफगोळे कसे होतात ते समजावून सांगतो.

पेन्सिल्व्हेनिया आणि कॅन्ससमधल्या मेनोनाइट आणि आमिश शेतकरी घरांना चरबी जपायला शिकवण्याची गरज नव्हती. डुक्कर कापले की त्याचा कणन् कण वापरायचा, चरबीचा साबण करायचा, चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या, उन्हाळ्यातली फळे-भाज्या बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी करायची, हे तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. साधेपणा हा त्यांच्या धर्माचाच भाग. पण त्याच धर्माचे दुसरे कलम असे होते की, माणूस मारायचा नाही. स्वसंरक्षणासाठी नाही, राजाच्या हुकमाने नाही, देशासाठीही नाही. आता सरकार ज्या सद्गुणाचे गोडवे गात होते तो पहिल्या कलमातला होता आणि त्याचा उपयोग होणार होता दुसरे कलम मोडण्यासाठी. मग चरबीचा डबा खाटकाकडे द्यायचा की नाही? आणि डबा दिला नाही, तरी शेतातला गहू कोणाच्या पोटात जातो हे कोण बघणार?

हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही. युद्धात न लढणाऱ्या माणसाने निदान पिकवावे, वाचवावे, कमी खावे, असे जगातले प्रत्येक सरकार सांगते, आणि ते ऐकायला निरुपद्रवी, किंबहुना पुण्याचे वाटते. पण ज्याला खरोखरच हिंसेत वाटा नको आहे त्याच्यासाठी शेत आणि स्वयंपाकघर हीच सर्वांत अडचणीची जागा ठरते. बंदूक नाकारता येते. धान्य कसे नाकारणार?

मेनोनाइट, आमिश आणि हटराइट या तिन्ही पंथांचे मूळ सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्ट चळवळीत आहे. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वखुशीने घ्यावा, शस्त्र धरू नये, शपथ घेऊ नये, अशी त्यांची मते; आणि त्यासाठी कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही राज्यांनी त्यांना जाळले, बुडवले, हाकलले. मेनोनाइटांना ज्याचे नाव मिळाले तो मेनो सायमन्स हा डच धर्मगुरू 1536 साली कॅथलिक चर्च सोडून बाहेर पडला. त्याच वर्षी याकोब हुटर याला इन्सब्रुकमध्ये जिवंत जाळले. हुटरच्या अनुयायांनी एक पाऊल पुढे टाकून खासगी मालमत्ताच बंद केली. शेत सगळ्यांचे, स्वयंपाकघर एक, पंगत एक. आजही हटराइट वसाहतीत माणसाच्या नावावर स्वतःची जमीन नसते.

याच पंथातला पीटर रीडेमान 1540 च्या सुमारास हेसमधल्या तुरुंगात होता. तिथे त्याने आपल्या श्रद्धेचा जो खुलासा लिहिला त्यात लोहारकामाबद्दल एक छोटे प्रकरण आहे. आपले कारागीर तलवारी, भाले, बंदुका बनवत नाहीत, असे तो सांगतो. पण सुऱ्या, कुऱ्हाडी, कुदळी बनवतात. या वस्तूंनीही कोणी कोणाचा जीव घेऊ शकतो, हे तो लपवत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, त्या मारण्यासाठी घडवलेल्या नसतात. कोणी त्यांचा तसा वापर केला तर ते पाप त्याचे. चारशे वर्षांनंतर चरबीच्या डब्यापाशी जो पेच पडला त्याचे उत्तर, म्हटले तर, इथेच तयार होते. आणि म्हटले तर नव्हतेही. कारण कुऱ्हाड विकताना गिऱ्हाईक काय करणार हे ठाऊक नसते, 1942 साली मात्र खाटकाच्या दुकानातून डबा कुठे जातो ते सरकार स्वतःच सांगत होते.

मराठी वाचकाला या वादाचा सूर ओळखीचा वाटेल. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. मांस विकणाऱ्या माणसाकडून धर्म शिकावा लागतो, हा त्या ब्राह्मणाला पहिला धक्का. आणि शेती तरी कुठे निष्पाप आहे, हा व्याधाचा प्रश्न म्हणजे दुसरा. फाळाखाली किती जीव मरतात, दाण्यातही जीव आहे, तपस्व्याच्या हातूनही हिंसा होतेच, असे तो सांगतो. फरक इतकाच की, जपून वागणाऱ्याची हिंसा थोडी होते. व्याधाचा हा हिशेब शून्याचा नाही, कमी-जास्तीचा आहे. मनुस्मृतीने शेतीला याच कारणाने नावे ठेवली आणि जैन श्रावकांसाठी नांगरटीचा धंदा निषिद्ध व्यवसायांच्या यादीत गेला.

त्याच महाभारतात बलरामही आहे. तो हलधर, म्हणजे नांगर धरणारा; नांगर हेच त्याचे आयुध. दोन्ही बाजूंना त्याचे शिष्य, म्हणून तो लढाईतून अंग काढून सरस्वतीकाठच्या तीर्थांना निघून जातो. परत येतो तो अठराव्या दिवशी, गदायुद्ध बघायला. आणि भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणलेली पाहताच नांगर उगारून भीमाच्या अंगावर धावतो. कृष्ण त्याला कसाबसा आवरतो. रीडेमानने कुदळीबद्दल जी शंका घेतली होती ती व्यासांनी आधीच रंगवून ठेवली आहे.

आणि उडुपीच्या राजाची लोककथा तर याहून बेरकी आहे. व्यासांच्या ग्रंथात ती नाही, पण कर्नाटकात आवडीने सांगतात. हा राजा लढला नाही. त्याने दोन्ही सैन्यांना जेवू घातले. रोज हजारो माणसे मरत, तरी त्याच्या स्वयंपाकात शीतही उरत नसे की कमी पडत नसे. कारण कृष्ण रात्री शेंगदाणे खाई, आणि त्याने खाल्लेल्या दाण्यांवरून उद्या किती मरणार ते राजाला कळे. (शेंगदाणा भारतात आला तो अमेरिका खंडातून, तेव्हा कथा किती जुनी हे ज्याने त्याने ओळखावे.) काटकसरीची इतकी भयंकर गोष्ट दुसरी सापडणार नाही. अन्न वाया गेले नाही याचे कारण जेवणारे किती मरणार ते आधीच ठाऊक होते. राजा तटस्थ होता. त्याची भांडी नव्हती.

अमेरिकेतल्या मेनोनाइटांची भांडी 1917 साली अशीच अडकली. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रशियाच्या झारच्या मुलखात, आजच्या युक्रेनमध्ये, सैन्यसेवेतून सूट घेऊन शेती करत होते. 1874 च्या लष्करी कायद्याने ती सूट धोक्यात आली, तेव्हा सुमारे 18,000 जण अमेरिका आणि कॅनडात आले. कॅन्ससला आलेल्यांनी बरोबर ‘टर्की रेड’ नावाचा कडक दाण्याचा गहू आणला. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली तग धरणारा, उन्हाळ्याच्या तोंडी काढणीला येणारा. पुढच्या काही दशकांत कॅन्सस अमेरिकेचे गव्हाचे कोठार झाले ते मुख्यतः या वाणावर. म्हणजे शस्त्र धरायला नको म्हणून देश सोडणाऱ्यांनी जो दाणा आणला, तोच पहिल्या महायुद्धात अमेरिकेने दोस्तराष्ट्रांना पुरवला. अन्नानेच युद्ध जिंकले जाईल, ही तर तेव्हाची सरकारी घोषणा होती.

ती मोहीम चालवणारा हर्बर्ट हूव्हर हा क्वेकर घरात वाढलेला होता, म्हणजे तोही एका शांततावादी पंथाचा मुलगा. त्याने घरोघरी रेशन लादले नाही. प्रतिज्ञापत्रे भरून घेतली. सोमवारी आणि बुधवारी गहू नाही, मंगळवारी मांस नाही, ताट चाटूनपुसून स्वच्छ. सोमवार, गुरुवार, एकादशी पाळणाऱ्यांच्या देशात हे वेळापत्रक फार परके वाटणार नाही. फक्त तिथे व्रताची देवता राज्य होते. आणि राज्याने व्रताबरोबर भावही बांधून दिला: 1917 च्या पिकाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे 27 किलोंना, 2 डॉलर 20 सेंट. युद्धापूर्वी डॉलरच्या आसपास घुटमळणारा गहू दुपटीवर गेला. मेनोनाइट शेतकऱ्याने बंदूक नाकारली तरी हा भाव नाकारला नाही. नाकारायचा तरी कसा, बाजार एकच होता. पण युद्धाने दिलेला पैसा खिशात आला की, त्याचे काय करायचे हा प्रश्न खिशाबरोबर घरी येतोच. शेजाऱ्यांनाही तोच प्रश्न पडला, आणि त्यांनी तो सभ्यपणे विचारला नाही. युद्धरोखे घ्यायला कां-कूं करणाऱ्या मेनोनाइटांच्या प्रार्थनागृहांना कॅन्ससमध्ये पिवळा रंग फासला गेला, काहींच्या अंगाला डांबर लावून पिसे चिकटवली गेली. अनेकांनी निमूट रोखे घेतले.

हटराइटांनी घेतले नाहीत. दक्षिण डकोटात त्यांच्या दीड-दोन डझन वसाहती होत्या. 1918 च्या मे महिन्यात जेम्सव्हिल वसाहतीतून आसपासच्या देशभक्तांनी शंभरएक गुरे आणि हजारभर मेंढ्या हाकून नेल्या आणि विकून टाकल्या. तो पैसा युद्धरोख्यांत घालायचा होता. सोळाव्या शतकात मोराव्हियात याच पंथाने युद्धाचा कर भरायला नकार दिला होता, तेव्हाही अधिकाऱ्यांनी गुरेच नेली होती. रॉकपोर्ट वसाहतीतल्या चार तरुणांना, डेव्हिड, मायकेल आणि जोसेफ हॉफर हे तीन भाऊ आणि जेकब विप्फ यांना, गणवेश घालायला नकार दिल्याबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. आधी अल्काट्राझ तुरुंगाच्या तळघरात आणि मग लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्यांना ठेवले. युद्ध 11 नोव्हेंबरला संपले. जोसेफ 29 नोव्हेंबरला वारला, मायकेल 2 डिसेंबरला. जोसेफचे शव घरच्यांना दाखवले तेव्हा त्याच्या अंगावर तोच गणवेश चढवलेला होता.

त्याच 1918 च्या उन्हाळ्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अहिंसेचा आणखी एक उपासक खेडोपाडी सैनिक मिळवत हिंडत होता. खेडा जिल्ह्यात पीक बुडाले म्हणून शेतसारा माफ करून घ्यायला गांधीजींनी सत्याग्रह केला होता आणि तो मिटून फार दिवस झाले नव्हते. आता ते त्याच शेतकऱ्यांना इंग्रजांच्या फौजेत चला म्हणत होते. सत्याग्रहाच्या वेळी ज्यांनी फुकट बैलगाड्या दिल्या ते आता भाड्यानेही गाडी देईनात; अहिंसेची शिकवण देणारा माणूस शस्त्र घ्या कसे म्हणतो, असे त्यांनी तोंडावर विचारले. आत्मकथेत गांधीजींनी हे सगळे स्वतःच लिहून ठेवले आहे. युद्धात नुसती जखमींची शुश्रूषा करणारा माणूसही युद्धाच्या दोषातून सुटत नाही, हेही त्यांनी तिथे मान्य केले आहे. राज्याचे संरक्षण घेत असताना फक्त बंदुकीला हात लावायचा नाही, ही भूमिका त्यांना अपुरी वाटत होती. त्यांच्या त्या वेळच्या निष्कर्षाशी सहमत होणे कठीण आहे. पण दोष वाटला जातो, तो चापावरच्या बोटापाशी थांबत नाही, हे निदान त्यांनी नेमके ओळखले होते. हॉफर बंधूंना मात्र वाटेल ती किंमत देऊन रेघ एका जागी ओढायची होती, आणि ती त्यांनी गणवेशापाशी ओढली.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतले सरकार आणि हे पंथ, दोन्ही बाजू शहाण्या झाल्या होत्या. 1940 च्या भरती कायद्याने धार्मिक कारणाने नकार देणाऱ्यांना पर्यायी नागरी सेवा दिली. 1941 ते 1947 या काळात सुमारे 12,000 तरुण त्या छावण्यांतून गेले. त्यांना पगार नाही, बायकामुलांना भत्ता नाही. खर्चाचा मोठा भार त्यांच्या चर्चनी उचलला. गावोगावच्या मेनोनाइट बायका छावण्यांसाठी फळे-भाज्या बरण्यांत भरून पाठवू लागल्या, म्हणजे बेगमी तीच राहिली, फक्त खाणारी तोंडे लांब गेली. पहिल्या काही छावण्या मृदसंधारणाच्या कामाच्या होत्या: बांध घालणे, ओघळी अडवणे, झाडे लावणे. यात एक जुना हिशेब फिटत होता. पहिल्या महायुद्धातल्या चढ्या भावाने शेतकऱ्यांनी जी गवताळ माळराने नांगरून काढली, तीच 1930 च्या दशकात धुळीची वादळे होऊन उडाली. युद्धासाठी उसवलेली जमीन युद्ध नाकारणारे टाके घालून शिवत होते.

सगळेच मात्र छावणीत गेले नाहीत. भरतीची नोटीस आलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी निम्म्याहून थोडे कमी तिथे गेले. दहांतले जवळपास चार सरळ सैन्यात गेले. आणि बरेच जण शेतीसाठी म्हणून सूट घेऊन घरीच राहिले. ही सूट सरकार धर्माखातर देत नव्हते, धान्याखातर देत होते. म्हणजे या तरुणांना युद्धात जावे लागले नाही, कारण युद्धाला त्यांची शेतावर गरज होती. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा यांची, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

रोख्यांवरही तोडगा निघाला. फिलाडेल्फियाच्या एका ट्रस्ट कंपनीमार्फत नागरी रोखे विकले जाऊ लागले. पैसा सरकारकडेच जाई, पण तो युद्धखर्चाचा नाही अशी समजूत होती. ही पळवाट होती, असे स्पष्ट म्हणायला हवे. सरकारची तिजोरी एक. एका कप्प्यात पैसे टाकले की, दुसऱ्या कप्प्यातले तितकेच तोफगोळ्यांसाठी मोकळे होतात. शेजाऱ्याला मात्र दाराशी आल्यावर रोखा दाखवता आला आणि घराला पिवळा रंग लागला नाही. 1918 ची आठवण असणाऱ्यांना हसणे सोपे नाही.

त्या मानाने 1944 च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टेडियमखाली राहायला गेलेल्या 36 जणांचा मार्ग सरळ होता. हेही नागरी सेवेतलेच तरुण. युरोपात उपासमार होणार हे दिसत होते, आणि भुकेल्या माणसाला पुन्हा कसे पोसावे हे वैद्यकाला नीट माहीत नव्हते. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या प्रयोगासाठी ते आपणहोऊन उपाशी राहिले. चोवीस आठवडे रोज सुमारे 1,570 कॅलरी, त्याही बटाटा, सलगम, पाव, मॅकरोनी अशा अन्नातून, आणि आठवड्याला बावीस मैल चालणे. वजन जवळपास एक चतुर्थांश घटले. पण इथे नोंदवण्यासारखी गोष्ट वजनाची नाही. पुढे मदतकार्याला जायचे म्हणून हे तरुण भाषा आणि राजकारणाचे वर्ग करत होते. भूक वाढली तसे ते सुटले. चर्चा फक्त जेवणाची उरली. पाककृतींची पुस्तके ते वाचत बसत, ताटे चाटत, घासात पाणी घालून तो वाढवत. उपासाने चित्त शुद्ध होते असे मानणाऱ्या सगळ्याच परंपरांनी हा अहवाल वाचावा. साबुदाण्याच्या खिचडीवरच्या एकादशीला त्यातून भीती नाही, पण भूक लांबली की, ती माणसाला देवाकडे नेत नाही, स्वयंपाकघराकडे नेते. त्या 36 जणांचे मोठेपण उपाशी राहण्यात नव्हते; कोणाच्या कामी येण्यासाठी राहिलो, हे भुकेत मन बधिर झाले तरी बहुतेकांनी धरून ठेवले, त्यात होते.

भारताशी मेनोनाइट पंथाचा संबंध धान्यातूनच आला. 1897 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी इथे धान्य पाठवले, आणि त्या ओळखीतून दोन वर्षांनी त्यांचे मिशन धमतरीला उभे राहिले. धमतरी तेव्हा नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांतात होती. बंगालच्या 1943 च्या दुष्काळातही त्यांची मदतसंस्था कलकत्त्यात काम करत होती. युद्धासाठी वाचवलेले आणि युद्धाने उपाशी ठेवलेल्यांसाठी वाचवलेले, या दोन वाटा एकाच कोठारातून फुटत होत्या. धर्मव्याधाच्या कमी-जास्तीच्या हिशेबात त्यांना बसवायचे तर, कोणत्या वाटेने किती पोती गेली एवढेच विचारता येते, आणि तोही प्रश्न आपल्या कोठारापुरताच.

काटकसरीने हटराइटांपुढे आणखी एक पेच टाकला, तो मारण्याशी संबंध नसलेला. 1918 नंतर बहुतेक हटराइट वसाहती कॅनडात गेल्या. तिथे त्यांनी नेहमीसारखेच केले: कमी खर्च, भरपूर काम, उरलेल्या पैशातून जमीन. कोणाच्याही नावावर काही नाही, पण वसाहतीच्या नावावर हजारो एकर. दुसऱ्या महायुद्धात शेजाऱ्यांची मुले सैन्यात गेली आणि यांची गेली नाहीत, तेव्हा ही शेते डोळ्यांत खुपू लागली. 1942 साली अल्बर्टा प्रांताने हटराइटांना आणि शत्रुदेशाच्या नागरिकांना एकाच कायद्याने जमीन विकण्यास बंदी केली. 1947 च्या कायद्याने वसाहतीला 6,400 एकरांची मर्यादा घातली आणि दोन वसाहतींत निदान 40 मैल अंतर ठेवायला लावले. व्यक्तीचा अपरिग्रह समूहाचा परिग्रह होतो का, हा प्रश्न मठ आणि देवस्थाने पाहिलेल्या आपल्या वाचकाला नवा नाही. काही वसाहती सस्कॅचवान आणि माँटानाकडे सरकल्या. कायदा 1973 मध्ये रद्द झाला. माणसे दीडशेच्या आसपास गेली की, वसाहत आजही दोन होते, नव्या वसाहतीला जमीन बघावी लागते, आणि तिच्या किमतीवरून आसपासच्या शेतकऱ्यांची कुरबूर सुरू होते.